ओवीकार धर्मगुरु फादर थॉमस स्टीफन्स



धर्मग्रामाच्या महोत्सवाची स्मरणिका हातीं आली म्हणजे वाचक प्रथम कोणतीं पानें उघडतो, हें मला ठाऊक आहे. जुन्या धर्मगुरूंचीं छायाचित्रें, देवळाच्या पायाभरणीची हकीकत, वर्गणी देणाऱ्यांचीं नांवें आणि आपल्या वस्तीचा फोटो पाहून झाला, म्हणजे मग तो बाकीच्या मजकुराकडे वळतो. तें योग्यच आहे. त्या सर्व उपकारकर्त्यांचें स्मरण ह्या पुस्तिकेंत यथास्थित झालेलें आहे. मी मात्र येथें अशा एका सत्पुरुषाचें चरित्र सांगणार आहें, कीं ज्यांनीं परभणी कधीं पाहिली नाहीं, आपल्या काळ्या जमिनीवर ज्यांचें पाऊल कधीं पडलें नाहीं, आणि ज्यांस देवाघरीं जाऊन चारशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तरीहि आपण जेव्हां जेव्हां मराठींत प्रभूची प्रार्थना म्हणतों, तेव्हां तेव्हां त्यांच्या ऋणांत असतों. त्यांचें नांव फादर थॉमस स्टीफन्स.

हें चरित्र सांगण्यास कारण झालेला प्रसंग जुना आहे. सेमिनरींतून नुकताच बाहेर पडलेला मी ह्याच जिल्ह्यांतील एका वस्तीवर मिस्सा अर्पण करण्यास गेलों होतों. ईश्वरी कृपा ह्या विषयावर मीं अर्धा तास प्रवचन केलें. ईशज्ञानाच्या वर्गांत जे जे अवघड शब्द शिकलों होतों, ते सर्व त्यांत होते. मिस्सा झाल्यावर एका म्हाताऱ्या बाईनें माझा आवाज खणखणीत असल्याचें कौतुक केलें, आणि मग अगदीं सरळ मनानें विचारलें, कीं फादर आज कशाविषयीं बोलले. मी वरमलों. त्याच आठवड्यांत त्या वस्तीवर एक लग्न होतें. पिठाच्या गिरण्या गांवोगांव झाल्या असल्या, तरी लग्नाची हळद दळण्यासाठीं जातें अजून बाहेर निघतेंच. तीच बाई इतर बायकांसह जात्यास बसली व ओव्या गाऊं लागली. पहिली ओवी पवित्र मरियेला, दुसरी गव्हाणींतील बाळाला, तिसरी नवरीच्या आईला. आणि पुढल्या एका ओवींत तिनें गाइलें, कीं बी आपण पेरतों खरें, पण पाऊस कोणी विकत आणलेला नाहीं. माझ्या अर्ध्या तासाच्या प्रवचनाचें सार त्या एका ओवींत आलें होतें. त्या दिवसापासून मी फादर स्टीफन्स ह्यांचें चरित्र निराळ्या दृष्टीनें वाचूं लागलों. कारण त्या बाईनें जें सहज केलें, तेंच त्यांनीं जन्मभर परिश्रम करून साधलें होतें.

जन्म व पाचारण

थॉमस स्टीफन्स ह्यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यांत बुश्टन ह्या खेड्यांत झाला. त्यांचे वडील लंडनचे व्यापारी होते. त्या काळीं इंग्लंडांत धर्माचा मोठा कलह माजला होता. राणी एलिझाबेथ १५५८ सालीं गादीवर आल्यानंतर रोमशीं असलेला संबंध तुटला, मिस्सा अर्पण करणें हा गुन्हा ठरला, आणि जुन्या श्रद्धेचीं माणसें दारें लावून, आवाज दाबून प्रार्थना करूं लागलीं. तरुण थॉमस ह्याच वातावरणांत वाढले.

त्यांचे एक जिवलग मित्र होते. त्यांचें नांव थॉमस पौंड. हे गृहस्थ श्रीमंत असून एके काळीं राणीच्या दरबारांत वावरलेले होते. श्रद्धेच्या बळावर त्यांनीं तें वैभव सोडलें. स्टीफन्स त्यांच्या नोकराचा वेष घेऊन त्यांच्याबरोबर हिंडत असत, म्हणजे संकटांत असलेल्या कॅथलिक कुटुंबांस भेटतां येई व कोणास संशयहि येत नसे. पुढें रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करावा, असा दोघांचाहि बेत ठरला. परंतु निघण्यापूर्वींच पौंड पकडले गेले, आणि त्यांच्या आयुष्याचीं जवळजवळ तीस वर्षें निरनिराळ्या तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोंचले व २० ऑक्टोबर १५७५ रोजीं येशूसंघांत दाखल झाले. सुरक्षित स्थळीं पोहोंचलेला मनुष्य मागें राहिलेल्यास विसरतो, असा जगाचा अनुभव आहे. स्टीफन्स विसरले नाहींत. त्यांनीं वरिष्ठांपाशीं आपल्या मित्रासाठीं रदबदली केली, आणि १५७८ सालीं पौंड ह्यांस तुरुंगांत असतांनाच संघाचे सभासद करून घेण्यांत आलें.

नोकराच्या वेषांतील तीं वर्षें मला फार अर्थपूर्ण वाटतात. जो पुढें एका परक्या लोकसमूहाचा गुरु व्हावयाचा होता, त्यास देवानें प्रथम सेवकाचे कपडे घालावयास लावले. नोकर कमी बोलतो, पुष्कळ पाहतो, आणि घरांतील माणसांस काय हवें, काय नको, हें न सांगतां ओळखतो. ही शिकवण त्यांस पुढें उपयोगी पडली.

समुद्रप्रवास

फादर स्टीफन्स ह्यांची हिंदुस्थानांत जाण्याची इच्छा होती. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ सालीं गोव्यांत उतरले होते, आणि त्यांच्या कार्याची कीर्ति युरोपभर पसरली होती. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदरांतून पांच जहाजें निघालीं, त्यांत स्टीफन्स होते. २४ ऑक्टोबर रोजीं ते गोव्यास पोहोंचले. साडेसहा महिन्यांच्या ह्या प्रवासाचें वर्णन त्यांनीं १० नोव्हेंबर रोजीं आपल्या वडिलांस पत्रानें कळविलें. सोळावें शतक संपण्यापूर्वींच तें पत्र लंडनमध्यें छापून निघालें व इंग्रज खलाशांनीं तें आवडीनें वाचलें.

ह्या पत्रांत एका चौकस मनुष्याची नजर दिसते. कोणता पक्षी दिसला म्हणजे जमीन जवळ आहे असें समजावें, पाण्यावर कोणतें गवत तरंगतें, पूर्वपश्चिम अंतर मोजणें खलाशांस इतकें कठीण कां जातें, हें सर्व त्यांनीं टिपून ठेविलें आहे. त्याच पत्रांत दुखण्याचीहि हकीकत आहे. ताजें अन्न न मिळाल्यामुळें लोकांच्या हिरड्या सुजत, पाय सुजत. दीडशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं व २७ जण समुद्रांतच दगावले. स्वर्गाचा विचार करणाऱ्या ह्या तरुणास पक्ष्याचे पंख व खलाशाच्या हिरड्याहि दिसल्या, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. जें डोळ्यांसमोर आहे तें नीट पाहणें, हीच त्यांच्या पुढील सर्व कार्याची पहिली पायरी होय.

साष्टीचें शेत

गोव्याच्या दक्षिणेकडील साष्टी हा तालुका फादर स्टीफन्स ह्यांची कर्मभूमि झाला. (मुंबईजवळच्या साष्टी बेटाशीं वाचकांनीं ह्याचा घोटाळा करूं नये.) मडगांव, राशोल व आसपासचीं खेडीं ह्यांत त्यांच्या आयुष्याचीं सुमारें चाळीस वर्षें गेलीं. त्यांनीं कोंकणी शिकली, मराठी शिकली. १५८३ सालीं भावास लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं कळविलें, कीं येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन ह्या भाषांशीं मिळतीजुळती आहे, आणि त्यांतील वाक्यरचना थक्क करणारी आहे. विल्यम जोन्स ह्या विद्वानानें संस्कृत व युरोपीय भाषांच्या नात्याचा सिद्धांत १७८६ सालीं मांडला. त्याच्या दोनशें वर्षें आधीं साष्टीच्या खेड्यांत हिंडणाऱ्या एका धर्मगुरूच्या कानांनीं तें नातें ओळखलें होतें.

त्याच पत्रांत त्यांनीं नारळाच्या झाडाचें वर्णन केलें आहे. ह्या एका झाडापासून तेल निघतें, ताडी निघते, गूळ व शिरका होतो, काथ्याची दोरी वळतात, झावळ्यांनीं झोंपडी शाकारतात, आणि फळ तर वर्षभर मिळतें. ज्यानें ही यादी केली, तो माणूस दिवाणखान्यांत बसून राहिला नव्हता. तो माडाच्या सावलींत, दोर वळणाऱ्याच्या ओसरीवर, झोंपडी शाकारणाऱ्याच्या अंगणांत उभा राहून विचारपूस करीत होता.

परंतु वाचकहो, हें शेत कांट्यांनीं भरलेलें होतें, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पोर्तुगीज सत्तेनें साष्टींतील देवालयें पाडलीं होतीं, आणि लोकांच्या हातांतून त्यांचे पूर्वींचे ग्रंथ काढून घेतले होते. त्या संतापाचा उद्रेक १५ जुलै १५८३ रोजीं कुंकळ्ळी येथें झाला. फादर रुडॉल्फ अक्वाविवा, जे थोड्याच दिवसांपूर्वीं अकबर बादशहाच्या दरबारांतून परत आले होते, ते व त्यांचे चार येशूसंघीय सोबती कांहीं ख्रिस्ती लोकांसह तेथें मारले गेले. पुढें पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं कुंकळ्ळीच्या प्रमुखांस बोलणीं करण्याच्या निमित्तानें असोळणें येथील किल्ल्यांत बोलावून ठार केलें. आपल्या पांच रक्तसाक्ष्यांस १८९३ सालीं धन्यवादित घोषित करण्यांत आलें. आपण त्यांचें स्मरण आदरानें करितों. परंतु ज्या गांवकऱ्यांचा विश्वासघात झाला, त्यांच्यासाठींहि आपलें मन दुखावयास हवें. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं १२ मार्च २००० रोजीं ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या हातून घडलेल्या अपराधांबद्दल देवाची क्षमा मागितली. त्या प्रार्थनेंत साष्टीचेंहि दुःख सामावलेलें आहे, असें मी मानतों.

ह्या पांच सोबत्यांचीं शवें मिळवून त्यांचा अंत्यविधि करण्याचें काम फादर स्टीफन्स ह्यांच्यावर आलें. ज्या भूमींत सोबत्यांचें रक्त सांडलें, तेथून निघून जाण्याचा विचार कोणाच्याहि मनांत आला असता. ते गेले नाहींत. त्याच लोकांत ते आणखी छत्तीस वर्षें राहिले, आणि त्यांचीच भाषा त्यांनीं अधिकाधिक आपलीशी केली.

त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरी एक घटना घडली. न्यूबेरी, फिच, लीड्स व स्टोरी ह्या चार इंग्रजांस ओर्मुझ येथें पकडून गोव्याच्या तुरुंगांत आणण्यांत आलें. हे लोक त्याच इंग्लंडचे प्रजाजन होते, ज्याच्या तुरुंगांत स्टीफन्स ह्यांचा मित्र खितपत पडला होता. तरीहि फादर स्टीफन्स ह्यांनीं त्यांच्यासाठीं खटपट केली, आणि जामिनावर त्यांची सुटका झाली. राल्फ फिच पुढें दख्खनमधून उत्तरेस गेला व मायदेशीं परतल्यावर त्यानें आपल्या प्रवासवृत्तांत ह्या उपकाराची नोंद केली. शत्रूवर प्रीति करण्याची आज्ञा आपण देवळांत ऐकतों. स्टीफन्स ह्यांस ती तुरुंगाच्या कचेरींत, जामिनाच्या कागदावर पाळावी लागली.

ख्रिस्तपुराण

आतां त्यांच्या जीवनांतील मुख्य कार्याकडे वळूं. ग्रंथाच्या आरंभीं जी हकीकत आहे ती अशी. धर्मज्ञानाचा वर्ग चालू असतां एका ब्राह्मणानें, म्हणजे नवख्रिस्ती झालेल्या एका गृहस्थानें, गुरूंस प्रश्न केला. आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलींत, तर मग त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें पुराण कां देत नाहीं, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. विचार करा, ह्या प्रश्नांत केवढी वेदना आहे! संध्याकाळीं दिवा लागल्यावर ज्या लोकांस कथा ऐकण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, त्यांच्या घरांतील कथाच नाहींशी झाली होती. प्रश्नोत्तराचें लहान पुस्तक पाठ करून जिभेचें काम भागे. मन मात्र उपाशी राही. फादर स्टीफन्स ह्यांस त्या भुकेची ओळख पटली.

ह्या प्रश्नाचें उत्तर म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’. हा ग्रंथ १६१६ सालीं राशोल येथें छापून प्रसिद्ध झाला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत ३६ अवस्वर, म्हणजे अध्याय, असून जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या वचनापर्यंतची कथा आहे. दुसऱ्या पुराणांत ५९ अवस्वरांत प्रभु येशूचें चरित्र आहे. दोन्हीं मिळून जवळजवळ ११,००० ओव्या भरतात. छापखान्यांत देवनागरी खिळे नसल्यामुळें हा मराठी ग्रंथ रोमन लिपींत छापावा लागला. १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. रविवारीं व सणाच्या दिवशीं साष्टीच्या देवळांत तो मोठ्यानें वाचला जाई आणि लोक ऐकत बसत.

ह्या ग्रंथाची थोरवी त्याच्या आकारांत नाहीं. ती आहे त्याच्या वाटेंत. फादर स्टीफन्स ह्यांनीं युरोपांतील काव्यरचना येथें आणून लादली नाहीं. त्यांनीं ओवी घेतली. ज्या ओवींत ज्ञानेश्वरांनीं गीतेचा अर्थ सांगितला, ज्या ओवींत आपल्याच गोदावरीच्या कांठीं पैठणास एकनाथ महाराज भागवत सांगत होते, तीच ही ओवी. एकनाथ महाराज १५९९ सालीं निवर्तले. अर्थात् स्टीफन्स व ते समकालीन होते. पहिल्या तीन चरणांस यमक आणि चौथा चरण आखूड, ही ओवीची चाल कानास इतकी ओळखीची, कीं नवीन कथा ऐकतांना ऐकणाऱ्यास परकेपणा वाटत नसे.

शब्दहि त्यांनीं घरचेच घेतले. स्वर्गास वैकुंठ म्हटलें. बाप्तिस्म्यास ज्ञानस्नान म्हटलें. मराठी भाषेची थोरवी सांगतांना त्यांनीं खड्यांतील रत्न, फुलांतील मोगरा, सुगंधांतील कस्तुरी, पक्ष्यांतील मोर, अशा येथल्या लोकांनीं रोज पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या वस्तूंचे दाखले दिले. आणि इतकें प्रेम असूनहि त्यांनीं त्या भाषेच्या वैभवाचें प्रदर्शन मांडलें नाहीं. प्रस्तावनेंत त्यांनीं स्पष्ट केलें आहे, कीं जुन्या कवींचे कठीण शब्द साध्या माणसांस समजणार नाहींत, म्हणून ते पुष्कळसे गाळून त्यांच्या जागीं लोकांच्या बोलण्यांतील सोपे शब्द मिसळले. पांडित्य असतांना तें बाजूस ठेवणें, ह्याहून मोठी नम्रता लेखकास दुसरी कोणती असणार? ही ओळ वाचतांना मला दर वेळीं माझें तें अर्ध्या तासाचें प्रवचन आठवतें.

ते आपल्या काळाचे पुत्र होते, हेंहि खरें. जुन्या उपासनेविषयीं ह्या ग्रंथांत कठोर शब्द आहेत, आणि आज आपण तसे शब्द वापरणार नाहीं. परंतु जे लोक सत्तेच्या बळावर बोलूं शकत होते, त्यांच्यांत राहून त्यांनीं लोकांच्या ओवीचा आधार घेतला, हीच त्यांची खरी श्रीमंती.

१६१९ सालीं, वयाच्या सुमारें सत्तराव्या वर्षीं, फादर स्टीफन्स गोव्यांतच प्रभूच्या घरीं गेले. त्यांनीं कोंकणींत रचलेलें धर्मज्ञानाचें पुस्तक १६२२ सालीं, आणि कोंकणीचें व्याकरण १६४० सालीं, दोन्हीं त्यांच्या मागें प्रसिद्ध झालीं. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला. पहिल्या तीन आवृत्त्यांपैकीं एकहि छापील प्रत आज शिल्लक नाहीं. तरी ग्रंथ नष्ट झाला नाहीं. गोव्यांतून मंगळूराकडे गेलेल्या ख्रिस्ती घरांनीं त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या. त्यांच्या आधारें १९०७ सालीं जोसेफ साल्ढाणा ह्यांनीं मंगळूर येथें तो पुन्हां छापला. देवनागरी लिपींतील एक हस्तलिखित लंडनमधील मार्सडन संग्रहांत सांपडलें, आणि १९५६ सालीं शांताराम बंडेलू ह्यांनीं हा ग्रंथ देवनागरींत मराठी वाचकांच्या हातीं दिला. ज्या शब्दास लोकांच्या घरांत जागा मिळते, त्यास हुकूम मारूं शकत नाहीं.

आपल्या दारीं

आतां कोणी विचारील, कीं गोव्यांतील ह्या धर्मगुरूचा आणि परभणी जिल्ह्याचा काय संबंध? माझ्या मतें फार जवळचा आहे. आपलें गंगाखेड हें संत जनाबाईचें जन्मस्थान मानतात. पुढें पंढरपुरास नामदेवांच्या घरीं दासी म्हणून राहिलेल्या ह्या बाईनें दळतां-कांडतां, झाडतां-सारवतां देवाचें सान्निध्य अनुभवलें, हें महाराष्ट्रांतील प्रत्येक घरास ठाऊक आहे. ती आपल्या धर्माची नव्हती. परंतु ओवी जात्यावरून काव्यांत कशी गेली, हें आपल्या शेजारच्याच गांवाला अधिक चांगलें माहीत आहे. स्टीफन्स ह्यांनीं जी ओवी उचलली, तिचें माहेर हेंच.

आणि आपल्या प्रभूची रीत तरी ह्याहून निराळी कोठें होती? त्यानें स्वर्गाच्या राज्याविषयीं सांगतांना पिठांत मिसळलेलें खमीर दाखविलें, जात्यावर दळणाऱ्या दोन स्त्रिया दाखविल्या, हरवलेल्या नाण्यासाठीं दिवा लावून घर झाडणारी बाई दाखविली, आणि बी पेरावयास निघालेला शेतकरी दाखविला. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरून ज्यानें ज्वारी पेरली आहे, त्यास त्या शेतकऱ्याचा दाखला समजावून सांगण्यास माझी गरज नाहीं. कांहीं दाणे धुऱ्यावर पडतात, कांहीं पांखरें टिपतात, कांहीं गवतांत गुदमरतात, हें तो दरवर्षीं पाहतो. त्याला फक्त एवढेंच आठवण करून द्यावयाचें, कीं तें शेत म्हणजे आपलें मन.

आपल्या जिल्ह्यांत १९७२ सालीं कृषि विद्यापीठ स्थापन झालें, आणि तेथें तयार झालेली ‘परभणी मोती’ ही ज्वारी शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. बियाणें कितीहि उत्तम असो, तें ज्या जमिनींत पडणार, जो पाऊस त्यास मिळणार, त्यांस मानवेल असें तें सिद्ध करावें लागतें, हें तेथील शास्त्रज्ञ जाणतात. फादर स्टीफन्स ह्यांनीं शुभवर्तमानाच्या बाबतींत हेंच जाणलें. बीज बदललें नाहीं. परंतु तें ह्या मातींत रुजेल अशा रीतीनें पेरलें. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनेंत लोकभाषेस मोकळीक दिली, तेव्हां सर्व जगाच्या ख्रिस्तसभेनें तीच वाट धरली. मराठवाड्यांतील आपला औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ सालीं स्थापन झाला, त्या वेळीं मराठी मिस्सा सुरू होऊन फार वर्षें झालीं नव्हतीं. आज ती आपल्यास इतकी अंगवळणी पडली आहे, कीं तिच्यामागें कोणाचे कष्ट आहेत हें आपण विसरलों आहों.

आणि येथेंच मला चिंता वाटते. आपलीं मुलें इंग्रजी शाळेंत जातात, तें त्यांच्या पोटापाण्यासाठीं चांगलें आहे. कांहीं कुटुंबें कामासाठीं पुण्यास गेलीं आहेत, तींहि सुखी असोत. परंतु आपल्या घरांत आजीच्या ओवीचा अर्थ नातवंडास कळेनासा झाला आहे. ज्या म्हाताऱ्या बाईनें मला कृपेचा धडा दिला, ती आतां हयात नाहीं. तिच्या ओव्या मीं लिहून घेतल्या नाहींत, आणि आतां त्या पुन्हां मिळावयाच्या नाहींत. साष्टीच्या लोकांचे ग्रंथ हुकुमानें गेले; आपलें धन आपल्या आळसानें जात आहे. हा माझा अपराध आहे, व तो मी ह्या महोत्सवाच्या वेळीं आपणांपुढें कबूल करितों.

म्हणून माझी दोन मागणीं आहेत. पहिलें असें, कीं ज्या घरांत अजून ओव्या गाणारी आजी किंवा मावशी आहे, त्या घरांतील शिकलेल्या मुलामुलीनें एक वही घ्यावी व त्या ओव्या लिहून काढाव्या. फार मोठें काम नाहीं. रोज एक ओवी लिहिली तरी पुढील सणापर्यंत वही भरेल. दुसरें असें, कीं सायंकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळीं, जपमाळ झाल्यावर, घरांतील प्रत्येकानें त्या दिवशीं डोळ्यांनीं पाहिलेली एखादी साधी गोष्ट सांगावी, आणि तींत प्रभूनें काय शिकविलें हें आपल्या शब्दांत बोलावें. कापूस वेचतांना बोटास रुतलेलें बोंड असेल, तव्यावर फुगलेली भाकरी असेल, उसनें पीठ परत देतांना शेजारणीनें भरून दिलेली वाटी असेल. शब्द अडखळले तरी चालतील. ज्या देवानें गव्हाणींत जन्म घेतला, त्यास आपल्या चुलीजवळ बसण्याची लाज वाटत नाहीं.

असो. इंग्लंडच्या एका खेड्यांत जन्मलेल्या ह्या पुरुषानें सेवकाचा वेष घेतला, समुद्र ओलांडला, सोबत्यांचीं शवें पुरलीं, आणि अखेर परक्या लोकांची ओवी आपल्या ओठांवर घेऊन त्यांच्याच मातींत देह ठेविला. त्यांच्या नांवाची मोठी यात्रा भरत नाहीं. परंतु रविवारीं आपल्या ह्या लहानशा देवळांत मराठी गायन सुरू झालें, म्हणजे त्या सुरांत त्यांचाहि सूर मिसळलेला असतो, असें मला वाटतें. आमच्या मुखीं आमची भाषा ठेवणारा प्रभु आमच्या रोजच्या कामांतहि आपला शब्द आम्हांस ऐकवो, आणि तो ऐकण्यासाठीं लागणारी नम्रता फादर स्टीफन्स ह्यांच्याप्रमाणें आपणां सर्वांस देवो. आमेन.

आपला ख्रिस्ताठायीं सेवक,
धर्मग्रामाचा धर्मगुरु